धाकटीचे मिस्टर आणि सरळ जाणारा चेंडू

माझा चेंडू उजवीकडे जातो. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी विमा कंपनीत दावे तपासतो, आणि मुळात काय बिघडलं ते माणसाने पहिल्याच वाक्यात सांगावं असा माझा रोजचा आग्रह असतो. लोक तसं सांगत नाहीत. गाडी कशी आपटली असं विचारलं, की गाडीचा रंग कोणी पसंत केला इथून सुरुवात करतात.

तर चेंडू गोल्फचा. मारला की निघतो सरळ, पण थोडं अंतर गेल्यावर घरी गॅस चालू राहिल्याचं आठवावं तसा उजवीकडे वळतो, आणि मग वळतच जातो. याला स्लाइस म्हणतात. असाच वळत वळत डावीकडे गेला तर हुक. आणि वळण्याची तसदी न घेता पहिल्यापासूनच डावीकडे चालू लागला तर पुल. मला हे तिन्ही आजार झालेले आहेत. एकामागून एक झाले, त्यांना कारणं आहेत, आणि त्यातली बरीचशी कारणं आमच्याच इमारतीत राहतात.

गोल्फशी माझा संबंध तसा एका दिवसाचा. कर्मचाऱ्यांचं मनोबल वाढावं म्हणून कंपनीने एकदा आम्हाला गोल्फच्या मैदानावर नेलं होतं. तिथे मी मारलेले सगळे चेंडू उजवीकडच्या झाडीत गेले. घरी आल्यावर मी हिला एवढंच सांगितलं की चेंडू खूप लांब गेले. त्यात खोटं काही नव्हतं, झाडी लांबच होती. पण हिने ते वाक्य जपून ठेवलं, आणि एका रविवारी माहेरच्या दिवाणखान्यात चहा पिताना बाहेर काढलं.

इथे सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. बाबा बांधकाम खात्यातून मोठे इंजिनियर म्हणून निवृत्त झाले. शब्द ते जपून वापरतात. त्यांना दोन मुली, आणि ओघानेच दोन जावई. त्यातल्या थोरलीचे यजमान, म्हणजे माझे साडू, यांची ओळख करून देताना बाबा म्हणतात, "हे आमचे जावई." मग माझ्याकडे वळून म्हणतात, "आणि हे आमच्या धाकटीचे मिस्टर."

वरवर पाहता यात आक्षेप घेण्यासारखं काही नाही. मी त्यांच्या धाकटीचा मिस्टर आहेच. पण लग्नाला इतकी वर्षं झाली, आमची मुलगी कॉलेजात गेली, माझे कानाजवळचे केस पिकले, तरी माझी बढती काही झाली नाही. बाबांच्या मनात माझ्याविषयी राग नाही, मीही कधी त्यांचं काही वाकडं केलेलं नाही. ते जणू अजून माझी कागदपत्रं तपासत आहेत. मला याचं वाईट वाटतं. हिला माझ्याहून जास्त वाटतं. दर वेळी "धाकटीचे मिस्टर" आलं, की ही उठून स्वयंपाकघरात जाते आणि धुतलेल्या कपबशा पुन्हा धुते.

त्या रविवारी दिवाणखान्याच्या मधोमध एक बादली ठेवलेली होती. बाबांच्या गच्चीचं काम साडूंनी आपल्या ओळखीतल्या माणसाकडून करून घेतलं होतं, आणि तेव्हापासून गच्चीवर पाणी साचून छत गळत होतं. कामाविषयी कोणी बोलत नव्हतं. बादलीच्या चारही बाजूंनी बसून आम्ही इतर विषयांवर बोलत होतो.

"पुढच्या महिन्यात एकदा मैदानावर जाऊ," बाबा साडूंना म्हणाले. "गुडघे ऐकतायत तोवर एकदा खेळून घेऊ." नोकरीत असताना बाबा वसाहतीच्या मैदानावर गोल्फ शिकले होते. साडू त्यांच्याबरोबर मधूनमधून जातात. साडूंकडे हातमोजाही आहे, एकाच हाताचा.

"यांनाही न्या ना, बाबा," ही म्हणाली. "हे गोल्फ खेळतात."

बादलीत एक थेंब पडला.

"खेळतात?" बाबांनी हिला विचारलं. मी समोरच बसलो होतो, पण मला विचारलं नाही.

"खूप लांब मारतात," ही म्हणाली.

परतताना गाडीत मी तिला म्हटलं, "लांब जातो म्हणालो होतो. कुठे जातो ते तू विचारलंच नाहीस."

"कुठे जातो?"

"उजवीकडे."

ती म्हणाली, "महिना आहे. सरळ करा." आणि काचेतून बाहेर बघत, "एकदा तरी बाबांनी तुम्हाला जावई म्हटलेलं ऐकायचंय हो मला."

यानंतर माणसाला नाही म्हणता येत नाही.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून मी एक जुनी काठी आणि थोडे चेंडू मागून आणले. आता जागेचा प्रश्न होता. आमची इमारत जुनी आहे, पण गच्ची लांबलचक आहे. त्या गच्चीविषयी मला थोडा अभिमान आहे, आणि तो इथे सांगितला नाही तर पुढचं कळणार नाही. गच्ची गळायची तेव्हा सोसायटीने गच्ची दुरुस्ती उपसमिती नेमली आणि मला तिचा अध्यक्ष केलं, कारण त्या सभेला मी उशिरा पोहोचलो. पण एकदा अध्यक्ष झाल्यावर मी काम मनावर घेतलं. गळतीचे दावे वाचून वाचून मला एक गोष्ट पक्की कळली होती, की पाणी थांबलं की संपलं. कंत्राटदार शंभराला एक उतार, म्हणजे शंभर फुटांत एक फूट, देतो म्हणाला. मी साठाला एक मागितला. तो म्हणाला, साहेब, इतका कोणी देत नाही. मी म्हटलं, द्या. तेव्हापासून आमच्या गच्चीवर थेंब थांबत नाही. खुर्चीही नीट थांबत नाही, बसलेला माणूस गप्पा मारता मारता सावकाश पाणी जाण्याच्या नाल्याच्या बाजूला सरकतो, पण सुधारणेसाठी एवढं सोसायलाच हवं.

गच्ची वापरायला सेक्रेटरींची परवानगी लागते. ते बरोबर गच्चीखाली, सर्वांत वरच्या मजल्यावर राहतात, आणि आपल्या डोक्यावर काय चालतं याबद्दल स्वाभाविकच हळवे आहेत. नियम असा, की गच्चीचा वापर कपडे वाळवणे व तत्सम कामांसाठीच करावा. गोल्फ हे तत्सम आहे का, यावर कमिटीची बैठक झाली. एका सभासदाने विचारलं, खेळताना घाम येतो का. मी म्हटलं, येतो. मग कपडे धुवावे लागतात का. लागतात. मग वाळवावे लागतातच. अशा रीतीने ते तत्सम ठरलं. फक्त एक अट घातली, की कपड्यांच्या दोऱ्यांना अडथळा नको, म्हणून मी जिन्याच्या खोलीच्या भिंतीला पाठ करून, नाल्याच्या कठड्याकडे तोंड करून, ठरलेल्या एकाच फरशीवर उभं राहायचं आणि गच्चीच्या लांबीच्या दिशेने मारायचं. नियम म्हटला की मी पाळतो. ती फरशी मी महिनाभर सोडली नाही.

पहिल्या दिवशी चेंडू ठेवला तर तो आपण होऊन नाल्याकडे निघाला. दुसराही निघाला. मग मी बाटलीचं एक झाकण उलटं ठेवलं आणि त्यात चेंडू बसवला. अडचणीतून मार्ग काढल्याचं समाधान वाटलं. समोर पलीकडच्या टोकाला मच्छरदाणी बांधली होती, तिच्या मधोमध हिने लाल रुमाल शिवून दिला होता. मी रुमालाकडे बघून काठी फिरवली. चेंडू सरळ निघाला, मच्छरदाणीपाशी त्याचा विचार बदलला, आणि तो उजवीकडे वळून कठड्याजवळच्या सोलर हीटरच्या काचेच्या नळीत गेला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या इमारतीने थंड पाण्याने अंघोळ केली. लोक मला जिन्यात बघून एरवीपेक्षा जास्त ताजेतवाने दिसले. नवी नळी मी बसवून दिली. विम्यातून भरपाई मिळते का ते मी बघितलं, आणि दावा मीच फेटाळला. निष्काळजीपणा उघड होता.

त्यानंतर मला फक्त भोकांचे पोकळ प्लास्टिकचे चेंडू वापरायची मुभा राहिली. ते लांब जात नाहीत, पण वळायचे तसे व्यवस्थित वळतात. माझे सगळे उजवीकडे वळून कठड्यावरून खाली जायचे. खाली तळमजल्यावर दंतवैद्यांचा दवाखाना आहे. तिथे बाहेर खुर्च्यांवर आपली पाळी येण्याची वाट बघत बसलेल्या लोकांच्या मांडीत वरून चेंडू पडू लागल्यावर दंतवैद्य स्वतः वर आले. चेंडूंची पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली, आणि दारातून परत जाण्याऐवजी तिथेच उभे राहिले. हीच या खेळातली मोठी अडचण आहे. माणूस तक्रार घेऊन येतो आणि सल्लागार होऊन थांबतो.

"धरा बघू," ते म्हणाले. मी काठी धरली. त्यांनी माझे हात चारही बाजूंनी, आवश्यक नसताना खालूनही बघितले. "तुमची पकडच चुकीची. अशी पकड ठेवून मी एक दात काढून दाखवावा. दोन्ही हात उजवीकडे फिरवा. आणखी. अजून. दुखतंय?"

"हो."

"मग बरोबर आहे."

दुखणं आणि बरोबर असणं यांचा संबंध त्यांच्या व्यवसायात असेल. पण खरं सांगायचं तर फरक पडला. चेंडू आता कठड्यावरून जाईना, कठड्याला आपटून आत राहू लागला. दंतवैद्य रोज दुपारी वर येऊ लागले. माझी पकड जरा सैल झाली की "मोठा आ करा" म्हणायचे. ते सवयीने म्हणत होते, हे मला कळायचं, तरी मी तोंड उघडायचो.

चेंडूचा राहिलेला बाक शेजारच्या नृत्यशिक्षिका बाईंनी काढायला घेतला. त्या कपडे वाळत घालायला आल्या होत्या. ओला परकर हातात तसाच ठेवून त्यांनी माझा एक फटका बघितला आणि डोळे मिटून घेतले.

"कंबर कुठे आहे तुमची?" त्यांनी विचारलं.

मी दाखवली.

"तिथे आहे ते दिसतंय. ती काही करत का नाही?"

माझ्या कंबरेला आजवर कोणी काही करायला सांगितलं नव्हतं. बाईंनी मला डावा पाय मागे घ्यायला, उजवा खांदा आत ठेवायला आणि कंबर आधी, हात नंतर असं आठ मात्रांत फिरायला शिकवलं. एकीकडे दंतवैद्य मोठा आ करायला लावत आहेत, दुसरीकडे बाई टाळीवर मात्रा मोजत आहेत, आणि मधोमध मी ठरलेल्या फरशीवर बाटलीच्या झाकणापुढे वाकून उभा आहे, हे दृश्य समोरच्या इमारतीतल्या लोकांना आवडू लागलं. संध्याकाळी काही जण खुर्च्या टाकून बसायचे. आमच्या मुलीने मला ओळख न दाखवण्याची परवानगी मागितली, मी दिली.

कंबर फिरली आणि त्याबरोबर उपाय जरा जास्तच लागू पडला. चेंडू पहिल्यापासूनच डावीकडे निघू लागला. हा तो पुल. बाई म्हणाल्या, "जड वस्तू मारा, म्हणजे अंदाज येईल," म्हणून मी त्या दिवशी, नियम मोडून, एकच खरा चेंडू मारला. तो डावीकडच्या पाण्याच्या टाकीचं झाकण फोडून आत गेला आणि आतल्या तरंगत्या गोळ्याच्या दांड्यात अडकला. गोळा वर येईना, त्यामुळे नळ बंद होईना, त्यामुळे टाकी भरून वाहू लागली. गच्चीभर पाणी झालं. सेक्रेटरी धावत वर आले. मी मान खाली घालून उभा होतो.

आणि आमच्या डोळ्यांदेखत ते सगळं पाणी एका दिशेने वळलं, माझ्या पायांखालून, झाकणाला वळसा घालून नाल्यात गेलं. टाकीचा नळ बंद करून आम्ही परत येईपर्यंत फरशी कोरडी होत आली होती. सेक्रेटरींनी खाली वाकून फरशीवरून हात फिरवला.

"उतार मात्र छान दिलाय तुम्ही," ते म्हणाले. दंतवैद्यांनी आणि बाईंनीही दुजोरा दिला. अपराधाच्या जागी उभं राहून कौतुक ऐकण्याचा प्रसंग माझ्यावर आयुष्यात तेव्हाच आला. मी जरा ताठ उभा राहिलो. तिथे उभा असताना मी पावलाखाली एकदा नीट बघितलं असतं, तर पुढचं टळलं असतं. पण कौतुक चालू असताना माणूस खाली बघत नाही.

मग हळूहळू, पकड दंतवैद्यांची, कंबर बाईंची आणि चिकाटी माझी, असं सगळं एकदाचं जमून आलं. महिना संपायच्या सुमारास चेंडू सरळ जाऊ लागला. सरळ म्हणजे लाल रुमालात. ही एका संध्याकाळी वर आली आणि जिन्याच्या दारात उभी राहिली. मी मारला. रुमाल हलला. पुन्हा मारला. पुन्हा रुमालच हलला.

"सरळ गेला," ही म्हणाली.

"जातो आता."

तिने पदराने माझ्या कपाळावरचा घाम पुसला. समोरच्या इमारतीतले लोक बघत होते तरी पुसला.

ठरलेल्या रविवारी आम्ही तिघे मैदानावर गेलो. मैदानाचे वृद्ध व्यवस्थापक बाबांच्या जुन्या ओळखीचे. त्यांनी विचारलं, "आज कोणाला आणलंत?" बाबा म्हणाले, "हे आमचे जावई. आणि हे आमच्या धाकटीचे मिस्टर." व्यवस्थापकांनी साडूंशी हात मिळवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी मनात म्हटलं, थांबा जरा.

मैदान सुंदर होतं. हिरवंगार, आणि जिथून पहिला फटका मारायचा ती जागा तर टेबलासारखी सपाट. मला पाय ठेवताच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पाऊल खाली जाईना, टाच वर येईना. बूट नवे आहेत म्हणून असेल, असं मी समजलो.

साडूंचा चेंडू सरळ गेला. फार लांब नाही, पण त्यांच्या सगळ्या गोष्टींसारखा बरोबर मध्यभागी जाऊन बसला. बाबांचा थोडा डावीकडे वळला. "वारा आहे," साडू म्हणाले. एकही पान हलत नव्हतं. मग मी हात उजवीकडे फिरवले, डावा पाय मागे घेतला, कंबरेला इशारा दिला, तोंड उघडलं आणि मारला.

चेंडू डावीकडे निघाला आणि निघाल्यावर आणखी डावीकडे वळला. एकाच फटक्यात पुल आणि हुक दोन्ही साधणारे लोक कमी असावेत. गवत कापायची यंत्रं ठेवायच्या पत्र्याच्या शेडवर तो पडला, आणि तो आवाज अपेक्षेपेक्षा बराच वेळ टिकला.

"मनगट सैल सोडा, राव," साडू म्हणाले.

मी सैल सोडलं. दुसरा चेंडू पुढच्या खेळाडूंच्या दिशेने गेला. त्यांनी डोक्यावर हात धरले आणि मग आम्हाला आधी पुढे जाऊ दिलं. त्यानंतर मी काय काय मारलं याची जंत्री देत नाही. सपाट जमीन संपेना आणि माझा डावीकडचा प्रवास थांबेना. शेवटी शेवटी माझा चेंडू कुठे गेला ते बघायला साडू आधीच डावीकडे जाऊन उभे राहू लागले, तेही मदतीच्या भावनेने, आणि मला तेच जास्त लागलं. बाबांना काय वाटेल याचं मला काही वाटेनासं झालं होतं. मला फक्त ही दिसत होती. ही घरी वाट बघत बसलेली असणार, आणि मी दार उघडताच काही न विचारता माझ्या तोंडाकडे बघणार.

चेंडू ज्यात घालायचा त्या शेवटच्या खळग्याच्या वाटेवर एक टेकाड आहे. माझा चेंडू तिथे गेला, अर्थात डावीकडे, आणि टेकाडाच्या कुशीत असा थांबला की मारायला उभं राहिलं तर माणूस वर आणि चेंडू खाली.

"तिथून नका मारू," साडू म्हणाले. "तिथून कोणालाच जमत नाही. हाताने उचलून सपाटीवर ठेवा, चालतं."

पण मी उभा राहिलो होतो. आणि उभं राहिल्याबरोबर माझ्या पावलांना बरं वाटलं. दिवसभर पाहुण्यांच्या घरी राहून रात्री आपल्या बिछान्यावर पडावं तसं वाटलं. टाचा बसल्या, गुडघे वाकले, चेंडू जिथे असायला हवा तिथे, जरा खाली, दिसला. समोर लांब हिरवळीवर झेंडा होता. मी त्याला लाल रुमाल समजलो आणि मारला.

चेंडू वर गेला, सरळ गेला, कुठलीही आठवण न होता सरळच जात राहिला आणि झेंड्याजवळ पडला.

साडूंनी हातमोजा काढला. बाबा टेकाडाच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी खिशातून दुसरा चेंडू काढून माझ्याकडे टाकला.

"पुन्हा मारा."

मी पुन्हा मारला. पुन्हा सरळ.

"खाली या. इथून मारा."

मी सपाटीवर येऊन मारला. चेंडू डावीकडच्या तळ्यात गेला.

"वर जा."

वरून मारला. झेंड्याजवळ. बाबा चढून माझ्यापाशी आले. त्यांनी माझ्या बुटांकडे, मग चेंडूच्या जागेकडे आणि मग माझ्या तोंडाकडे बघितलं. इतकी वर्षं झाली, पण त्यांनी माझ्याकडे इतका वेळ कधी बघितलं नव्हतं.

"सराव कुठे करता?"

"गच्चीवर."

"तोंड कुठे करून?"

"नाल्याकडे. एकाच फरशीवर. कमिटीची अट आहे."

"गच्चीला उतार किती?"

"साठाला एक," मी म्हणालो. "मीच मागून घेतला. कंत्राटदार शंभराला..." आणि वाक्य तिथेच थांबलं, कारण माझ्या लक्षात आलं. महिनाभर दंतवैद्यांनी, बाईंनी आणि मी मिळून माझा फटका सुधारला नव्हता. आम्ही तो माझ्याच उताराला जुळवून घेतला होता. चेंडू पायांपेक्षा खाली असला की तो उजवीकडे जायला बघतो, त्याला सरळ करायला आम्ही मला डावीकडे वळवलं, आणि त्या वळणासकट मी सपाट जमिनीवर आलो होतो. टाकीचं पाणी माझ्या पायांखालून वाहत गेलं, सगळ्यांनी उताराची तारीफ केली, आणि मी ताठ उभा राहून ती ऐकली.

मी हे सगळं बाबांना सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. साडू हसले, पण वाईट हसले नाहीत. बाबा हसले नाहीत.

"साठाला एक," ते म्हणाले. "पाणी थांबतं?"

"थेंबभर नाही. एकदा टाकी फुटली... म्हणजे वाहिली, तेव्हा सगळ्यांनी बघितलंय."

"कोपऱ्यांत?"

"कोपऱ्यांना गोलाई दिली आहे."

बाबांनी "हं" म्हटलं.

खेळ झाल्यावर आम्ही चहा घेत बसलो. व्यवस्थापक येऊन बाबांना म्हणाले, "काय हो, तुमच्या छताचं झालं का काम? मागे गळत होतं म्हणालात."

"होईल," बाबा म्हणाले. "पुढच्या रविवारी आमचे जावई येतायत गच्ची बघायला."

साडूंनी कप खाली ठेवला. "हो, मी त्या माणसाशी पुन्हा बोलतोच..."

"तुम्ही नव्हे," बाबा म्हणाले आणि बशीतली दोन बिस्किटं माझ्यासमोर सरकवली.

घरी गेलो तर ही दारातच होती. काही न विचारता तिने माझ्या तोंडाकडे बघितलं.

"जावई म्हणाले," मी सांगितलं.

"कोणाला?"

"मला. चारचौघांत."

ती खुर्चीवर बसली. डोळ्यांना पदर लावला, मग उठली आणि बहिणीला फोन करायला निघाली. दारात थांबून म्हणाली, "म्हणजे चेंडू सरळ गेला."

"गेला," मी म्हणालो. हेही खोटं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी बाबांच्या गच्चीवर उभा होतो. पाण्याचं डबकं घोट्यापर्यंत होतं आणि त्यात दोन चिमण्या अंघोळ करत होत्या. बाबांनी कोरड्या भागावर खिशातला गोल्फचा चेंडू ठेवला. तो जागचा हलला नाही. आम्ही दोघांनी त्याच्याकडे बघून मान हलवली. पुष्कळ बोलणं झालं, म्हणजे बाबांच्या मानाने पुष्कळ. उतार किती, नाला कुठे, कोपरे कसे. मी सांगत होतो आणि ते ऐकत होते.

मग त्यांनी जिन्याकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"माझा चेंडू डावीकडे जातो," ते म्हणाले. "वारा नसतो तो. बरीच वर्षं जातोय." मग हात पुढे करून म्हणाले, "आता उतार द्यायचाच आहे, तर त्या कठड्याकडे दिला, आणि मी या भिंतीला पाठ करून उभा राहिलो, तर?"

मी त्यांच्याकडे बघितलं. तर काय होईल, ते जगात माझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. इथे रोज सरळ जाईल, आणि मैदानावर पाय ठेवला की पुन्हा डावीकडे, पत्र्याच्या शेडकडे. दाव्यांच्या खात्यात इतकी वर्षं घालवल्यावर असल्या वेळी माणसाने स्पष्ट बोलायला हवं. पण मला जावई होऊन जेमतेम आठवडा झाला होता.

"अगदी सरळ जाईल, बाबा," मी म्हणालो.